ध्रुवपद आणि कडवे : लोकप्रिय गीतांतील चिकाटी व आत्मविकास

लोकप्रिय गीतांविषयी आपल्या विद्यापीठीय समीक्षेत दोन वृत्ती दृढ झालेल्या दिसतात. पहिली वृत्ती उपेक्षेची. चित्रपटासाठी, नभोवाणीसाठी किंवा ध्वनिमुद्रिकेसाठी मागणीनुसार लिहिलेले पद वाङ्मय म्हणून विचारात घेण्याच्या योग्यतेचे नसते, अशी ती धारणा. दुसरी वृत्ती भाबड्या गौरवाची. गीतात धीर, वाट, दीप, पैलतीर असे शब्द आले की त्याचे नाते लागलीच संतवाणीशी जोडावयाचे आणि अभंगाची परंपरा आजही अखंड चालू असल्याचा निर्वाळा देऊन मोकळे व्हावयाचे, हा तिचा परिपाठ. वरवर या दोन वृत्ती एकमेकींच्या विरोधी वाटतात. परंतु प्रत्यक्ष गीत काळजीपूर्वक वाचण्याचे श्रम दोन्ही सारख्याच टाळतात.

याचा परिणाम असा झाला आहे की, चिकाटी आणि आत्मविकास या दोन स्वतंत्र गोष्टी आपण एकच समजू लागलो आहो. संकटात टिकून राहा असे सांगणारे गीत ऐकणाऱ्यास आतून वाढवतेच, असे नाही. जात्याचा खुंटाही टिकून असतो, पण तो वाढत नाही. उलट पक्षी, माणसाला खरोखर बदलणारे गीत कित्येकदा धीर देण्यापूर्वी त्याचा असलेला धीर काढून घेते. तुकोबांच्या गाथेतील विठ्ठलाशी मांडलेली भांडणे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. तेव्हा लोकप्रिय गीतांपैकी कोणते केवळ धीराचे आणि कोणते वाढीचे, हे ओळखावयाचे कसे, असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर गीताच्या आशयापेक्षा त्याच्या घडणीत अधिक नेमकेपणाने सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा विचार आवडी येथील मुक्कामात लिहिला जात आहे, हे निमित्त अगदीच बाह्य नाही. चेन्नईच्या पश्चिमेस अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे गाव. जानेवारी १९५५ मध्ये उच्छंगराय ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला. त्यामुळे भारताच्या राजकीय इतिहासात गावाचे नाव कायमचे नोंदले गेले. पुढे येथे अवजड वाहनांचा कारखाना उभा राहिला आणि १९६५ मध्ये ‘विजयंत’ हा रणगाडा त्यातून बाहेर पडला. २०१९ पासून गावाला महानगरपालिका आहे. लष्करी आस्थापनांच्या इंग्रजी नावांतील आद्याक्षरांवरून गावाला हे नाव पडले, अशी एक लोकव्युत्पत्तीही येथे ऐकावयास मिळते. मराठी माणसाला मात्र नामफलकावरील अक्षरे वाचताना निराळेच काही आठवते. ‘आवडी’ हा संतांच्या भाषेतील जिव्हाळ्याचा शब्द. देवाविषयीची ओढ त्यांनी या शब्दाने सांगितली. हा केवळ उच्चारसाम्याचा योगायोग आहे. तरीपण खडकी, देहूरोड, अंबरनाथ येथील संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यांशी ज्यांचा संबंध आहे अशा मराठी कुटुंबांना हे नाव परके वाटत नाही. अशा वसाहतींत तमिळ, मराठी, हिंदी गीते एकाच भिंतीच्या दोन बाजूंना ऐकू येतात. श्रमाने थकलेल्या माणसाला गीताने काय दिले, हा प्रश्न येथे ग्रंथालयातला राहत नाही.

तमिळ आणि मराठी गीते शेजारी ठेवून वाचण्यास ऐतिहासिक आधारही आहे. तंजावरावर १६७६ पासून १८५५ पर्यंत मराठ्यांची सत्ता होती. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनाचा प्रभाव तेथील हरिकथेवर पडला. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी रचनाप्रकार तंजावर कृष्ण भागवतरांच्या परंपरेतून तमिळ श्रोत्यांच्या परिचयाचे झाले. तमिळनाडूतील नामसंकीर्तनात आजही अभंग गाइले जातात. ज्या श्रोतृवर्गातून पुढे चित्रपटगीताचा श्रोता आला, त्याच्या कानावर दोन्ही भाषांतील भक्तिरचनेचे संस्कार अगोदरच झालेले होते.

आता घडणीकडे वळू. आपल्या गीताला ध्रुवपद असते आणि कडवी असतात; तमिळ गीताला पल्लवी असते आणि चरणम् असतात. ध्रुवपद म्हणजे न ढळणारे पद. ते पुनःपुन्हा येते, प्रत्येक वळणानंतर तेथेच परतावे लागते. चिकाटीचे याहून नेमके ध्वनिरूप दुसरे कोणते असणार? परंतु केवळ परतणे ही वाढ नव्हे. वाढीचे काम कडव्याकडे असते. कडवे आपल्याला दूर नेते, काही दाखवते, आणि मग आपण ध्रुवपदाकडे येतो तेव्हा तेच शब्द पूर्वीपेक्षा काही अधिक किंवा काही निराळे सांगू लागले असतील, तर गीतात आत्मविकास घडला असे म्हणता येईल. शब्द तेच आणि अर्थही तोच राहिला, तर ते गीत धीराचे आहे. त्याची उपयुक्तता मान्य करूनही त्याला त्याहून मोठे नाव देण्याचे कारण नाही. ही कसोटी काही प्रसिद्ध गीतांना लावून पाहू.

पहिले उदाहरण प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या १९३६ च्या चित्रपटातील. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी बीज, अंकुर आणि वृक्ष यांच्या रूपकावर एक पद लिहिले. ते इतके एकजीव झाले की, अनेक श्रोत्यांनी तुकोबांचाच अभंग म्हणून त्याचा स्वीकार केला. गौरववादी समीक्षक यात परंपरेचा विजय पाहतील, उपेक्षावादी नक्कल पाहतील. आपण मात्र पदाची चाल पाहावी. आरंभी बीज एकटे आहे. येथे ‘एकले’ या शब्दाचा अर्थ केवळ संख्येचा, फार तर एकाकीपणाचा. पुढे एका बीजापोटी असंख्य बीजांचा विस्तार होतो. आणि शेवटी तोच शब्द ब्रह्माच्या अद्वितीयत्वाला लावला जातो. एकटेपणातून निघून अनेकत्वातून जात एकत्वापर्यंतचा हा प्रवास एकाच शब्दाच्या अर्थांतराने साधला आहे. श्रोत्यांनी ते पद तुकोबांचे मानले याचे कारण त्यातील भक्तिपर शब्दसंग्रहापेक्षा या आंतरिक गतीत शोधावयास हवे. पुढे १९३८ मध्ये तमिळ पडद्यावरही तुकाराम आला आणि ती भूमिका मुसिरी सुब्रह्मण्य अय्यर या कर्नाटक संगीतातील श्रेष्ठ गायकाने केली. दोन भाषांतील संतचरित्राची ही जवळीक आपल्या तौलनिक अभ्यासात अद्याप पुरेशी आलेली नाही.

दुसरे उदाहरण ‘गीतरामायणा’चे. आवडीच्या अधिवेशनाला तीन महिनेही झाले नव्हते, तोच १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर यांच्या या मालेस प्रारंभ झाला. वर्षभरात सुधीर फडके यांच्या संगीतात छप्पन गीते प्रसारित झाली. त्यांतील वनात भेटावयास आलेल्या भरताला राम जे गीत ऐकवतो, ते महाराष्ट्रात घरोघरी दुःखाच्या प्रसंगी आठवले जाते. मनुष्याच्या पराधीनतेचे विधान हे त्याचे ध्रुवपद. एवढेच ऐकणारा म्हणेल, हा तर दैववाद. पण कडवी ओळीने वाचावीत. प्रथम हे ध्रुवपद कैकेयी आणि दशरथ यांना दोषमुक्त करण्यासाठी येते. घडले त्याला कोणी एक माणूस जबाबदार नाही, असा त्याचा रोख आहे. मध्यावर उन्नती आणि पतन, जन्म आणि मृत्यू यांच्या अनिवार्य साहचर्याचा विचार येतो. समुद्रात क्षणभर भेटून दूर होणाऱ्या दोन ओंडक्यांचा वाल्मीकींच्या अयोध्याकांडातील दृष्टान्तही येतो, आणि ध्रुवपद सर्व मानवजातीचे होते. अखेरीस राम भरताला डोळे पुसावयास सांगतो, दोघांच्या वाटा वेगळ्या करतो, चौदा वर्षे पुरी झाल्याविना परतणार नाही असे निक्षून सांगतो आणि अयोध्येचा भार त्याच्यावर टाकतो. आता त्याच पराधीनतेच्या विधानातून कर्तव्याची वाटणी निघाली आहे. जे आपल्या हाती नाही ते एकदा ओळखले की, जे हाती आहे ते स्पष्ट दिसते. गीतातील आत्मविकास तो हा. शिवाय येथील चिकाटीला मुदत आहे, पत्ता आहे, जबाबदारी आहे. ती हवेतली नाही.

या गीताची कडवी संख्येने पुष्कळ आहेत, हेही महत्त्वाचे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सव्वातीन मिनिटांच्या आसपासच गाणे मावत असे. त्यामुळे कडव्यांना कात्री लागे. नभोवाणीने ही अडचण दूर केली. अर्थाची वाढ होण्यासाठी गीताला अवकाश लागतो आणि तो अवकाश माध्यमाने द्यावा लागतो.

तिसरे उदाहरण तमिळमधील आहे आणि ते आपल्या कसोटीला आव्हान देणारे आहे. १९६२ च्या ‘सुमैताङ्गी’ या श्रीधर दिग्दर्शित चित्रपटासाठी कण्णदासन यांनी एक गीत लिहिले. विश्वनाथन-राममूर्ती यांचे संगीत, पी. बी. श्रीनिवास यांचा आवाज. त्याच सुमारास श्रीरंगमहून गीतकार होण्यासाठी मद्रासला आलेले वाली पुरेसे काम मिळेना म्हणून शहर सोडून जाण्याच्या बेतात होते. श्रीनिवास यांनी त्यांना हे नवे गीत गाऊन ऐकवले आणि वालींनी बेत रद्द केला. ही आठवण स्वतः वाली यांनी सांगितलेली आहे. पुढे २०१३ मध्ये निधन होईपर्यंत ते तमिळ चित्रपटसृष्टीतील अग्रगण्य गीतकारांत गणले गेले.

गीताचा युक्तिवाद असा : प्रथम मनाच्या गोंधळाविषयी, कापऱ्याविषयी प्रश्न, मग संकटे कोणाच्याही दाराशी येतात हे सामान्य सत्य, मग अखेरपर्यंत सोसणाऱ्या हृदयाची शांती, आणि शेवटी, आपल्याहून खालच्या स्थितीत असलेल्या कोट्यवधींकडे पाहून समाधान मानण्याचा सल्ला. हा शेवट मला अपुरा वाटतो. दुसऱ्याच्या अधिक दुःखावर उभारलेले समाधान हे नैतिक दृष्ट्या डळमळीत असते. त्या कोट्यवधींतील सर्वांत खालच्या माणसाने मग कोणाकडे पाहावे, या प्रश्नाला गीतात उत्तर नाही. आपल्या कसोटीनुसार हे धीराचे गीत आहे.

यावर कोणी विचारील, ज्या गीताने एका कवीचे आयुष्य सावरले, त्याला अपुरे म्हणणारे आपण कोण? आक्षेप गंभीर आहे. पण त्याचे उत्तर चित्रपटाच्या नावातच आहे. ‘सुमैताङ्गी’ म्हणजे डोक्यावरचे ओझे क्षणभर टेकवता यावे म्हणून रस्त्याकडेला उभारलेला दगडी आधार. तमिळ प्रदेशात असे दगड जुन्या वाटांवर आढळतात. पांथस्थ ओझे टेकतो, श्वास घेतो, पुन्हा ओझे उचलतो. दगडाने त्याला उपकृत केले; पुढली वाट मात्र त्याने स्वतः कापली. वालींच्या बाबतीत गीताने दगडाचे काम केले आणि चालणे वालींनी केले. गीताचा परिणाम आणि गीताचा आशय यांची अशी फोड केली, तर कण्णदासनांचा मान कमी होत नाही आणि समीक्षेचा निकषही सुटत नाही.

चौथे उदाहरण एका गीताच्या संदर्भबदलाचे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट हिंदी असला तरी त्याचे मूळ मराठी मातीत आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे झालेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर त्याचे कथानक आधारलेले असून ते त्याच परिसरात वाढलेल्या माडगूळकरांनी लिहिले. भरत व्यास यांनी लिहिलेली आणि वसंत देसाई यांनी स्वरबद्ध केलेली त्यातील प्रार्थना पुढे देशभरातील शाळांत पोचली. चित्रपटात तिची पार्श्वभूमी खून केलेल्या सहा कैद्यांची आहे. वाईटाला भल्याने उत्तर देण्याचे बळ मागणे हे त्या माणसांच्या बाबतीत भयंकर अवघड मागणे आहे, कारण वाईट त्यांच्या स्वतःच्या हातांनी केलेले आहे. शाळेच्या पटांगणात तेच शब्द निष्पाप मुले म्हणतात, तेव्हा त्यांतील अपराधाची जाणीव गळून जाते आणि सद्वर्तनाचा सामान्य उपदेश तेवढा उरतो. १९७५ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांना घेऊन या चित्रपटाची ‘पल्लाण्डु वाळ्ग’ ही तमिळ आवृत्ती निघाली. तीमधील समूहगीत मानवकुल एक आणि देव एक, या तिरुमूलरांच्या विचाराचा आधार घेते. हाच विचार अण्णादुराई यांनी आपल्या राजकारणाचे घोषवाक्य केला होता. मराठी पाळामुळांच्या कथेत कैद्यांचे आत्मशोधन केंद्रस्थानी होते; तमिळमध्ये त्याशेजारी सामाजिक ऐक्याचे आवाहन येऊन बसले. आत्मविकास कोणाचा, व्यक्तीचा की समूहाचा, या प्रश्नाची दोन भाषांनी दोन उत्तरे दिली. एकाच भाषेच्या चौकटीत बसून हा भेद दिसला नसता.

देवाची आळवणी नसलेल्या गीतांना आत्मविकासाच्या चर्चेतून वगळण्याची जी प्रथा आहे, तीही येथे तपासून घ्यावी. जागे करणे हा आपल्या भक्तिगीतातील जुना प्रसंग. मराठीत भूपाळी देवाला उठवते. तमिळमध्ये तोंडरडिप्पोडी आळ्वारांची ‘तिरुप्पळ्ळियेळुच्ची’ श्रीरंगमच्या रंगनाथाला उठवते. सुब्रह्मण्य भारतींनी त्याच प्रकारात भारतमातेला जागे केले. आणि ‘नाडोडी मन्नन’ (१९५८) मध्ये पट्टुक्कोट्टै कल्याणसुंदरम् यांनी धाकट्या भावाला झोपू नकोस म्हणून बजावले. वयाची तिशीही न गाठता १९५९ मध्ये निवर्तलेला हा साम्यवादी वळणाचा कवी. त्याच्या गीतात ध्रुवपद आरंभी एका लहान मुलाला उद्देशून येते. मग सैन्यात झोपलेला, शाळेत झोपलेला, दुकानात झोपलेला यांनी काय गमावले, याची गणती होते. शेवटी झोपेचा आरोप समाजातील जबाबदार माणसांवर येतो; त्यांच्या झोपेने किती मोलाची कामे निजून राहिली आहेत, असे कवी म्हणतो. मुलाला केलेला उपदेश मोठ्यांवरचे आरोपपत्र होतो. आपल्या कसोटीला पूर्ण उतरणारे हे गीत आहे आणि त्याला वाढीसाठी देवाचे नाव घ्यावे लागलेले नाही.

महाराष्ट्रात याच्या शेजारी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांना ठेवावे लागेल. आंबेडकरी चळवळीच्या या लोकगायकाने चिकाटीचे नाते दैवाशी न जोडता स्वाभिमानाशी, शिक्षणाशी आणि संघटनेशी जोडले. ज्या समाजाला सोसण्याचा उपदेश शतकानुशतके ऐकवला गेला, त्याच्या गीतात निव्वळ सोसणे हा गुण ठरू शकत नाही. तेथे वाढ म्हणजे सोसण्याचे थांबणे. आणि ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये आलेल्या सुरेश भटांच्या गीतात तर पहाट होता होता काळोख झाल्याचे दुःख आणि पुन्हा पेटण्याचे आवाहन ही दोन्ही ध्रुवपदातच एकत्र आहेत. भूपाळीने गृहीत धरलेली पहाट येथे आलीच नाही. तरी जागे राहावयाचे आहे. चिकाटीचा आशावादाशी असलेला सोयीस्कर संबंध या गीताने तोडून दाखवला.

शब्दांचे असे विश्लेषण करताना चालीचा विसर पडतो, असा एक आक्षेप संगीताचे अभ्यासक घेतील. तो अंशतः मान्य करावा लागेल. पण चाल ही ध्रुवपदाची सखी आहे. परतण्याचे सुख ती देते आणि त्यामुळे अर्थ न बदलताही बदलल्याचा भास ती निर्माण करू शकते. म्हणूनच गीत एकदा ऐकल्यानंतर एकदा कागदावर वाचणे आवश्यक आहे. भास कोणता आणि बदल कोणता, हे कागदावर कळते.

आज या भेदाची निकड अधिक आहे. भ्रमणध्वनीवर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींतून जी गीते फिरतात, त्यांत बहुधा ध्रुवपदच असते; कडवे वगळलेले असते. तबकडीने दोनचार कडवी कापली होती, येथे सर्वच कापली जातात. रामाचे भरताला सांगणे केवळ पराधीनतेवर थांबते. अयोध्या सांभाळण्याची आज्ञा ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. दैववादाला विरोध करण्यासाठी उभी राहिलेली रचना अशा रीतीने दैववादाच्या कामी येते. दिवसपाळी संपवून परतणाऱ्या कामगाराच्या कानी त्याच्या वाट्याचे निम्मेच गीत पडावे, हे नुकसान केवळ साहित्याचे नाही.

म्हणून भारतीय भाषांच्या विभागांनी दोन गोष्टी कराव्यात. लोकप्रिय गीतांच्या संहिता सर्व कडव्यांसह, प्रथम प्रसारणाच्या किंवा चित्रपटातील प्रसंगाच्या संदर्भासह अभ्यासक्रमात आणाव्यात. आणि त्या एकेका भाषेच्या कप्प्यात न ठेवता जोडीने शिकवाव्यात : आठवले आणि तमिळ तुकाराम, माडगूळकर आणि कण्णदासन, वामनदादा आणि पट्टुक्कोट्टै. विद्यार्थ्याला एवढेच विचारावे की, शेवटच्या कडव्यानंतर ध्रुवपदाचा अर्थ पहिल्यासारखाच राहिला काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना तो उपेक्षेलाही बळी पडणार नाही आणि भाबडेपणालाही. आणि ज्या ओळी त्याच्या घरात आजवर गुणगुणल्या गेल्या, त्या तो प्रथमच पूर्ण वाचील.